ऐकू आल्याचा पंचनामा

"आला! आला बघ बापू, ऐकू आला!" अक्का स्वयंपाकघरातून ओरडतच बाहेर आली. दोन्ही हात कणकेचे, पदर खोचलेला.

मी घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी होते.

"काय आला?"

"भोंगा की रे!"

"अगं, अजून वाजवलेलाच नाही. अकराला वाजवणार आहेत."

अक्का जरा थबकली. मग म्हणाली, "बरं, मग अकराला येईल," आणि वळून आत गेली. तव्यावर चपाती करपत होती.

ओट्यावर बसलेला जमदाडे पोट धरून हसायला लागला. जमदाडे म्हणजे एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, अक्काच्या शेजारचा. "बापूसाहेब, आमच्या वहिनींचे कान भविष्यातलं ऐकतात. घ्या लिहून तसं," तो म्हणाला. मलाही हसू आलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी त्या ओट्यावर आम्ही सगळेच फार हसलो.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा करंजफाटा नगरपरिषदेत मोजणीच्या कामाला होतो. हुद्दा लहान, टेप मोठी; घरी बापू, ऑफिसात गुंजाळ. करंजफाटा म्हणजे मूळचं चार हजार वस्तीचं गाव. शेजारी कारखाने आले आणि दहा वर्षांत गावाचं काय झालं ते गावालाच कळलं नाही. जिथं हरभरा व्हायचा तिथं बारा-बारा मजली टॉवर उभे राहिले. वर धरण, खाली आम्ही, मधे नदी. धरणातून पाणी सोडलं की नगरपरिषदेच्या गच्चीवरचा भोंगा वाजायचा आणि तेवढ्यानं सगळं गाव सावध व्हायचं. पण आता गाव तिप्पट पसरलेलं. भोंग्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, आपली माणसं कुठवर गेलीत ते!

म्हणून त्या वर्षी चार नवे भोंगे बसवले. पाण्याच्या टाक्यांवर, उंच. आणि ते कुठवर ऐकू येतात याची चाचणी ठेवली. प्रत्येक गल्लीत ऑफिसचा एक माणूस उभा राहणार, बरोबर अकराला तीन मिनिटं भोंगा वाजणार, आणि गल्लीतल्या पाच जणांच्या सह्या घेऊन पंचनामा करायचा. ऐकू आला किंवा ऐकू आला नाही. सरकारी कामात नुसत्या कानावर कोण विश्वास ठेवतो? त्याला पंच लागतात. आमचे पाठारे साहेब, मुख्य अभियंता, स्वभावानं सज्जन माणूस. त्यांनी आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं, "जिथं ऐकू येत नाही तिथं पाचवा भोंगा बसवू. लाजू नका, खरं लिहा."

गल्ल्या वाटताना मी साईकृपा कॉलनीची सहा नंबरची गल्ली मागून घेतली. बहिणीच्या हातचं जेवण होईल, एवढाच विचार होता माझा.

अकरा वाजले. अक्का, जमदाडे, समोरच्या दुमजली घरातल्या शकीलाभाभी आणि आणखी दोघं, असे पाच जण ओट्यावर उभे. दाजी आत पेपर वाचत होते. त्यांचा उपयोगच नव्हता. तीस वर्षं फोर्जिंगच्या शॉपमध्ये घणाखाली काम करून त्यांचे कान पार गेले होते. खांद्याला हात लावल्याशिवाय त्यांना काही कळायचं नाही.

मी श्वास रोखून ऐकत राहिलो. गिरणीचा आवाज येत होता. कुणाच्या तरी टीव्हीवर जाहिरात चालली होती. एक कावळा. बस्स.

"वाजला!" जमदाडे म्हणाला. "एकदम स्वच्छ!"

"हां हां, वाजला," शकीलाभाभी म्हणाल्या. बाकीच्या दोघांनीही माना हलवल्या.

मी मोबाईल काढला. "साहेब, वाजवताय का?"

"अरे, दोन मिनिटं झाली वाजवतोय!" पाठारे साहेबांचा आवाज आला. त्यांच्या मागं भोंगा नुसता बोंबलत होता. मला तो फोनमधूनच तेवढा ऐकू आला. टॉवर मधे आले होते. सगळा आवाज त्या भिंतींना थडकून तिथंच राहत होता. आमची गल्ली खाली, ओढ्याच्या वळणाला, टॉवरच्या पाठीमागं.

"अक्का, काही ऐकू येत नाहीये," मी म्हणालो.

अक्कानं माझ्या दंडाला धरून मला सरळ आत नेलं. फ्रिजपाशी उभं केलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ऐकू आला नाही असं लिहिलंस तर काय होईल?"

"भोंगा बसवतील इथं."

"कसा बसवतील?"

"कसा म्हणजे, खांब उभा करतील."

"त्याआधी?"

त्याआधी मोजणी. त्याआधी नकाशा. मीच टेप घेऊन येणार आणि मीच धरणार. गुंठेवारीतली घरं ही, कुणाच्या नकाशाला मंजुरी नाही. आणि नदीची निळी पूररेषा, जिच्या आत घर बांधायला बंदी, ती अक्काच्या स्वयंपाकघरातून जाते हे गल्लीत कुणाला ठाऊक असो नसो, मला पक्कं ठाऊक होतं. आम्ही उभे होतो तिथून. फ्रिज रेषेच्या आत, गॅस बाहेर.

"एकदा का मोजलं की पाडलं," अक्का म्हणाली. "तेवीस घरं आहेत बापू. यांचे कान गेले ह्या घरापायी. तूच म्हणालास ना, घे अक्का जागा, नगरपालिकेत मी आहे?"

म्हणालो होतो. मीच जागा दाखवली होती तिला. तेव्हा पूररेषा आखलेली नव्हती. पण ती आखायची चाललीय हे ऑफिसात कानावर आलं होतं आणि मी म्हटलं होतं, सरकारी काम आहे, दहा वर्षं लागतील. दोन वर्षांत आखली मेल्यांनी!

"पण पाणी आलं तर?"

"सात वर्षांत आलंय का? आलं तर तू आहेस की. फोन कर. मी अख्खी गल्ली उठवते, मला काय भोंगा पाहिजे?"

आता मागं वळून मला शहाणपण सुचतं. तेव्हा मी बहिणीच्या घरात उभा होतो आणि ती माझ्याकडं बघत होती. लहानपणी आई गेल्यावर हिनं मला वाढवलं. माझी चड्डी हिनं शिवली, माझी फी हिनं भरली. मी काय करायला हवं होतं ते मला सांगू नका, मला येतं.

मी बाहेर आलो, ओट्यावर बसलो आणि चांगल्या अक्षरात लिहिलं: 'समक्ष चाचणी घेतली असता भोंग्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.' पहिली सही अक्काची. मग बाकीच्यांच्या. मग पोटभर जेवलो.

पुढच्या ऑगस्टात घाटावर चार दिवस पाऊस थांबला नाही. धरण भरलं होतंच. मंगळवारी दुपारी पावणेदोनला वरून फोन आला, सगळे दरवाजे उघडतोय. पाठारे साहेबांनी बटण दाबलं. चारही भोंगे एकदम सुरू झाले. आमच्या ऑफिसच्या काचा थरथरत होत्या.

मी अक्काला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिनं.

"अक्का, पाणी सोडलंय. सगळे दरवाजे. तासाभरात येईल. लगेच निघा."

"आता निघते. तुझे दाजी जेवून आडवे झालेत. आधी गल्लीत सांगते, मग त्यांना घेऊन निघते."

"आधी दाजींना उठव."

"अरे, घरातच तर आहेत! शकीलाची सासू अंथरुणावर आहे, तिला उचलायला माणसं लागतील. ठेव तू."

तिनं फोन ठेवला. मला हायसं वाटलं. खरंच सांगतो, तेव्हा मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. म्हटलं, भोंग्यानं नसतं केलं ते आपण केलं.

अडीचला तिचा फोन आला. मागं नुसता कालवा.

"बापू, पाणी ओढ्याकडनं आलं रे! नदीकडनं नाही, मागनं आलं! आम्ही शकीलाच्या गच्चीवर आहोत."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"अकरा जण. बाकीची घरं निघून गेली रस्त्यानं. आम्ही सासूबाईंना वर चढवत होतो, तेवढ्यात गल्ली भरली."

"दाजी?"

पलीकडनं पत्र्यावर दगड आपटल्याचे आवाज आले.

"अक्का, दाजी कुठायत?"

"घरात," ती म्हणाली. "झोपलेत. मी इथनं हाका मारतेय. जमदाडे भावजींनी शिट्टी फुंकली, दगड मारले पत्र्यावर. बापू, त्यांना ऐकू येत नाही रे! पाणी खिडकीला लागलंय. बोट पाठव. लवकर बोट पाठव."

मी आपत्ती कक्षात धावलो. कक्ष म्हणजे आमचं सभागृहच. टेबलं जोडून मधे नकाशा पसरला होता. पाठारे साहेब तिथं उभे होते. नगरपरिषदेकडं रबरी बोटी दोन. दोन्ही टेम्पोवर चढवून तयार होत्या.

"साहेब, सहा नंबर गल्ली. अकरा जण गच्चीवर, एक माणूस घरात अडकलाय. बोट तिकडं पाठवा."

साहेबांनी समोरची यादी बघितली. आमच्याच पंचनाम्यांवरून बनवलेली यादी. एका बाजूला ऐकू येतो त्या गल्ल्या, दुसऱ्या बाजूला ऐकू येत नाही त्या.

"सहा नंबर ऐकू येणाऱ्यात आहे," ते म्हणाले. "तिथल्या लोकांना पाऊण तास मिळालाय, गुंजाळ. वीटभट्टी वस्तीत भोंगा पोचत नाही. त्यांना काहीच मिळालेलं नाही. पन्नासच्या वर माणसं आहेत, निम्मी पोरं. दोन्ही बोटी तिकडं जाणार. मग तुमच्याकडं."

वीटभट्टीवाल्यांनी चाचणीत खरं सांगितलं होतं. त्यांची घरं ताडपत्रीची; मोजणीला ते कशाला भिणार? त्यांचा पाचवा भोंगा मंजूर झाला होता, फक्त खांब यायचा होता.

"साहेब, तो पंचनामा खोटा आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी खोटं लिहिलं. त्या गल्लीत भोंगा ऐकू येत नाही. मी स्वतः तिथं उभा होतो, मला आला नाही ऐकू."

पाठारे साहेबांनी फाईल ओढली, तो कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "पाच सह्या आहेत."

"पाचही खोट्या. घरं पूररेषेत आहेत म्हणून. मोजणी होईल म्हणून."

"तुझी बहीण राहते ना तिथं?"

"हो साहेब."

"पहिली सही तिचीच दिसतेय."

"हो."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी सावकाश बोलले. "मग तूच सांग गुंजाळ. शांतपणे बसून, पाच माणसांसमोर लिहिलेलं खरं धरू, का बहीण पाण्यात असताना तू आता सांगतोयस ते? तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. म्हणूनच मला तुझं ऐकता येत नाही."

मी त्यांचे पाय धरले. हो, धरले. त्यांनी मला उठवलं आणि ड्रायव्हरला हात केला. टेम्पो निघाले.

मी स्कूटर काढली. ओढ्याच्या पुलापर्यंत गेलो. पूल नव्हताच, पाण्यातून नुसते कठड्याचे दोन दगड दिसत होते. पलीकडं, फार तर दोनशे हात अंतरावर, शकीलाभाभींची गच्ची. माणसं दिसत होती. अक्काची पिवळी साडी दिसत होती. मी फोन लावला.

"बापू, तू दिसतोयस!" ती म्हणाली. "बोट कुठंय?"

"येतेय."

"किती वेळ?"

"निघालीय अक्का."

"छताला लागायला हातभर राहिलंय रे. उठले असतील ना ते? पाणी अंगाला लागल्यावर उठतील ना?"

"उठले असतील. माळ्यावर चढले असतील."

"माळा कुठाय आमच्या घराला?" ती म्हणाली.

मग ती नवऱ्याला हाका मारायला लागली. फोन कानालाच होता तिच्या. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण त्या दिवशी तिनं घेतलं. "निवृत्ती! अहो निवृत्ती!" माझ्या फोनमध्ये ते यायचं आणि पाण्यावरूनही यायचं. मी पोहायला पाण्यात शिरलो तेव्हा पुलापाशी जमलेल्यांतल्या दोघांनी कॉलर धरून मला बाहेर ओढलं. एकानं तर कानाखाली वाजवली. बरोबरच केलं त्यानं.

बोट पाच वाजता आली. वीटभट्टीची सगळी माणसं सुखरूप निघाली होती. गच्चीवरचे अकराही उतरले. दाजी दुसऱ्या दिवशी सापडले, दाराच्या आतल्या बाजूला. कडी काढलेली होती. पाण्याच्या दाबानं दार उघडलं नव्हतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. पाणी ओसरल्यावर मोजणी झाली आणि तेवीस घरं पाडली. पंचनाम्याबद्दल माझी चौकशी झाली. पाठारे साहेबांनी लिहून दिलं की चाचणीच्या दिवशी वाऱ्याची दिशा वेगळी असावी. का लिहून दिलं, मी कधी विचारलं नाही. अक्का माझ्याकडं राहायला आली. बोटीला उशीर का झाला ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. प्रवाह जोरात होता, असं कुणीतरी म्हणालं होतं, तेच घरात चाललं. तिला खरं सांगायचं म्हणजे तिच्या सहीनं तिच्या नवऱ्याची बोट अडवली असं सांगायचं. माझी जीभ रेटली नाही. किती वेळा पाटावर बसून ठरवलं, आज सांगू. ती ताटात वाढायला यायची आणि राहून जायचं.

आणि वर हे कौतुक! घरी कुणीही येवो, अक्का सुरू: "आमच्या बापूनं फोन केला म्हणून अख्खी गल्ली वाचली. गच्चीवरची अकरा माणसं याच्यामुळं आहेत आज." माणसं माझ्याकडं आदरानं बघायची. नगरपरिषदेनं माझा सत्कारसुद्धा केला, शाल-नारळ देऊन. मी तो घेतला. न घेण्याचं कारण काय सांगणार होतो?

गेल्या वैशाखात माझ्या धाकटीला बघायला पाहुणे आले. अक्का आता सत्त्याहत्तरची. भिंतीला टेकून बसली होती. मुलाचे वडील सहज म्हणाले, "करंजफाट्याला मोठा पूर आला होता म्हणे?" झालं! अक्कानं सगळं साग्रसंगीत सांगितलं. फोन, गच्ची, अकरा माणसं, आमचा बापू. पाहुण्यांनी उठून माझा हात हातात घेतला.

ते गेल्यावर मी कपबशा गोळा करत होतो. अक्का तिथंच बसली होती. माझा तोल गेला.

"अक्का, हात जोडतो तुला. लोकांना ते सांगत जाऊ नकोस."

"का रे?"

"नको सांगू. मला नाही सोसत."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग काय सांगू? खरं सांगू?"

मी ट्रे खाली ठेवला.

"पाठारे साहेब आले होते तेराव्याला," ती म्हणाली. "तू मंडपाचं बघत होतास. रडले माझ्यापुढं. सगळं सांगून गेले."

"चौदा वर्षं..." मी म्हणालो.

"तुला कळलं असतं मला ठाऊक आहे म्हणून, तर तू या घरात माझ्यासमोर जेवला असतास का?" अक्का म्हणाली. "आणि मी तरी जेवले असते का तुझ्या घरचं? दोघांनाही कुठं जायला जागा नव्हती बापू. म्हणून मी आपलं अकरा माणसांचं सांगत राहिले."

ती भिंतीला धरून उठली आणि पाहुण्यांनी ठेवलेलं पेढ्याचं पुडकं देवापुढं ठेवायला आत गेली.